कडीचे अध्यक्ष

रंगनाथ तात्यांना एखादी गोष्ट खासगीत सांगणं आणि ती एस.टी. स्टँडच्या माइकवरून पुकारणं यांत फरक एवढाच, की स्टँडचा माइक अधूनमधून बंद असतो. तात्या बंद नसतात. अशा माणसाला, फोनमधली खासगी माहिती झाकणाऱ्या ॲपच्या मदत समितीचं अध्यक्ष कुणी केलं, असं श्रीरामपुरात मला अजून विचारतात. मी सांगते, कुणी केलं नाही, ते झाले. तात्यांना जन्मात कुणी कशाचं अध्यक्ष केलेलं नाही. मंडळ निघायच्या दिवशी ते मधल्या खुर्चीत जाऊन बसतात, लोकांना उठा म्हणायची लाज वाटते, आणि मग हारही त्यांनाच घालावा लागतो.

त्यांची आणि माझी भिंत एक. मी उभा जन्म शाळेत मराठी शिकवलं, आणि तात्यांनी साखर कारखान्यात उसाच्या गाड्या पुकारल्या. कारखान्याच्या गाडीतळावर ट्रक आणि बैलगाड्या रांगेनं उभ्या असायच्या. नंबर आला की माइकवरून सांगायचं, की गाडी वजनकाट्यावर जायची. बाकीचे पुकारणारे नुसता नंबर सांगायचे. तात्या अख्खा माणूस पुकारायचे. "राहात्याचे बबनराव, ज्यांच्या थोरल्या पोरीचं औंदा जमलंय, पेरूच्या बागंत नवीन बोअर मारलंय, त्येंनी गाडी फुडं घ्यावी!" बबनराव लाजायचे, गाडीतळ हसायचा, आणि पोरीचं कुठं जमलं ते विचारायला चार माणसं त्यांच्या बैलांपाशी गोळा व्हायची. त्या पोरीला कुणी विचारलं होतं का, असला प्रश्न तिथं कुणाला पडत नसे.

निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं माइक काढून घेतला, पण खोड तशीच राहिली. मग वर्गण्या सुरू झाल्या. वर्गणी गोळा करण्यात तात्यांचा हात कुणी धरणार नाही, हे मी मान्य करते. दारात येऊन असे उभे राहतात की माणूस पाकीट काढतो आणि मग विचारतो, कशासाठी. आणि वर्गणी घेतली की नाव पुकारायचंच. "नाव पुकारल्याबिगर देनगी अंगी लागत न्हाई बाई," हे त्यांचं तत्त्वज्ञान. आमच्या शाळेला त्यांनी पाण्याची टाकी मिळवून दिली. टाकीवर देणगीदारांची नावं इतकी, की टाकी मूळ कोणत्या रंगाची ते पोरांना सांगता येईना. नळ मात्र एकच, आणि तोही गळका.

त्यांच्या स्वतःच्या घरी बैठकीच्या पंख्यावर मेव्हण्याचं नाव रंगवलेलं आहे, कारण पंखा मेव्हण्यानं दिला. पंखा सुरू केला की मेव्हणा दिसेनासा होतो. म्हणून पाहुणे आले की तात्या आधी पंखा बंद करतात आणि पाहुण्यांना वर बघायला लावतात. भर मे महिन्यात मी स्वतः घाम पुसत तो मेव्हणा वाचलेला आहे.

आता असल्या माणसाचा फोन कसा असेल? त्याला कुलूप नाही. मी एकदा म्हटलं, "तात्या, चोरी झाला तर?" तर म्हणाले, "मंग चोराला उघडाया नको का? उघडला न्हाई तर माझा नंबर बघून परत कसा करंल?" बँकेचा ओटीपी आला की मोठ्यानं वाचणार, चहाच्या टपरीवर असोत की दवाखान्यात. एकदा तर त्यांना आकडा नीट दिसेना, म्हणून बाजूच्या अनोळखी माणसाला वाचायला दिला आणि वर त्याला चहा पाजला. फसवणूक कधी झाली नाही, याचं श्रेय मी त्यांच्या खात्यात काही नसण्याला देते.

त्यांच्या भिंतीला लागून, माझ्या जेवणाच्या टेबलावर, माझी भाची अश्विनी बसून ‘कडी’ बनवत होती. अश्विनी पुण्यात मोठ्या कंपनीत होती. ती नोकरी सोडून माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या आईनं मला दूषणं दिली, पण ते असो. कडी म्हणजे फोनमध्ये घालायचं एक ॲप. आपल्या फोनमधलं कोणतं ॲप आपले फोटो, आपले नंबर, आपण आत्ता कुठे आहोत, हे गुपचूप बाहेर पाठवतंय ते कडी दाखवते. बोट लावलं की ते दार बंद. फुकट. आणि तिचा सगळा कोड नेटवर उघडा ठेवलेला. कुणीही वाचावा, चुका काढाव्यात, हवं तर सुधारून घ्यावा. "जे ॲप तुमची माहिती झाकायचं म्हणतं, त्यानं स्वतःचं पोट उघडं ठेवलंच पाहिजे, मावशी. नाहीतर विश्वास कशावर ठेवायचा?" असं ती म्हणायची, आणि मला ते पटायचं.

हे सगळं सुरू झालं ते रजनीमुळे. रजनी माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची, एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. दुसरीतली मुलगी सोबत. रजनी हे तिचं खरं नाव नव्हे. मी तात्या नाही. तिचा नवरा तिला मारायचा, आणि ती पळाली की शोधून काढायचा. मैत्रिणीकडे गेली, तिथे संध्याकाळी हजर. आत्याकडे गेली, तिथेही हजर, आणि आत्याच्या देखत तिचा हात पिरगाळून मोडला. तिला वाटायचं ओळखीचं कुणीतरी चुगली करतं. म्हणून तिनं हळूहळू सगळ्यांशी बोलणं सोडलं. अश्विनीनं तिचा फोन उघडून पाहिला तेव्हा कळलं की चुगली फोन करत होता. नवऱ्यानं त्यात काहीतरी घालून ठेवलं होतं. अश्विनीनं ते काढलं आणि त्या दिवसापासून कडीच्या मागे लागली. रजनी इथे आहे हे त्या माणसाला कळता कामा नये, एवढी एकच अट आमच्या घरात होती. बाकी कुणी काही करा.

आणि म्हणूनच तात्यांना आम्ही सांगितलं होतं की रजनीचा नवरा लांब नोकरीला असतो. तात्यांनी ते ताबडतोब सगळ्या वॉर्डाला सांगितलं. इथवर त्यांचा आम्हांला उपयोगच झाला.

तात्या रोज माझ्याकडचं वर्तमानपत्र वाचायला येत. एका सकाळी त्यांनी टेबलाकडे मान वळवून विचारलं, "पोरी, येवढं काय टाइप करती?" अश्विनीनं समजावून सांगितलं. ती फार समजावते, हा तिचा दोष आहे.

"म्हंजी माझा फोन, मी कुठं हाय ते दुसऱ्याला सांगतो?"

"हो, तात्या."

"बरं हाय की मंग! घरात तर कुनी इचारत न्हाई."

मी हसले. अश्विनी हसली नाही. तिनं नाव गाव काही न घेता एवढंच सांगितलं, की अशाही बायका असतात ज्यांचा नवरा फोनच्या मागे मागे येतो आणि मारतो. तात्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यांचे डोळे भरून आले. खरोखर भरून आले, नाटक नव्हतं ते. "मायला, असं वंगाळ करत्यात?" म्हणाले. "आन हे काम पैशासाठी आडलंय? पोरी, तू निस्तं टाइप कर. पैशाचं माझ्याकं लागलं." अश्विनीला खरोखर पैशांची गरज होती. तपासायला निरनिराळे फोन लागत, एखादा मदतनीस लागत होता, आणि माझ्या पेन्शनवर किती दिवस जेवायचं, याची तिला लाज वाटत होती. मी डोळ्यांनी तिला नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "तात्या, खरंच कराल?" झालं. पुढच्या आठवड्यात ‘कडी सहाय्यता समिती, अध्यक्ष रंगनाथ तात्या’ असा शिक्का तयार.

मग जे काही सुरू झालं ते बघवत नव्हतं. रिक्षावर भोंगा लावून तात्या स्वतः गावात फिरले. "घराला कडी, फोनला कडी! आपली माहिती आपल्या घरी! सढळ हातानं मदत करा!" इथवर ठीक. पण देणगीची पावती पाहिजे तर आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची, हा नियम तात्यांनी काढला. माहिती झाकायच्या कामासाठी गावाच्या आधार कार्डांचा गठ्ठा त्यांच्या दिवाणखान्यात, दूरदर्शन संचाखाली, वर नातवाची क्रिकेटची बॅट ठेवलेली. अश्विनीनं पाहिलं तेव्हा तिनं बॅट बाजूला करून गठ्ठा उचलला. "सेफ हाय की, बॅट ठिवलीय वर," तात्या म्हणाले. तिनं तो गठ्ठा घरी आणून माझ्या मागच्या अंगणात जाळला. तात्यांना वाटलं, पोरगी रागीट आहे.

मग ग्रुप निघाला. ज्यांचा नंबर तात्यांच्या फोनमध्ये होता ते सगळे त्यात, न विचारता. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतायत. रोज सकाळी तात्या त्यावर टाकणार: ‘कालचे दानशूर’, पुढं नाव, फोटो, धंदा, मोबाईल नंबर. अश्विनी त्यांना हात जोडायची. "तात्या, ज्या ॲपसाठी आपण पैसे मागतो ना, ते हेच थांबवायला आहे." तात्या ऐकून घ्यायचे आणि मग एक प्रश्न विचारायचे, ज्याला ते स्वतः बिनतोड समजत. "तूच म्हनली ना, समदं उघडं हाय? कोड कुनीबी वाचावा? मंग देनगीदारच का झाकायचा? त्यानं काय चोरी केली?"

"कोड उघडा ठेवायचा, तात्या. माणूस नाही."

"आसं कसं? मानसापरास ते टाइप मोठं झालं का?" असं म्हणून ते माझ्याकडे बघायचे, की बाई, तुम्हीच सांगा. माझं डोकं उठायचं.

एकटे तात्याच होते असं नाही. देणारेही कमी नव्हते. एका आडत व्यापाऱ्यानं भरघोस देतो म्हटलं, अट एवढीच की कडी उघडली की आधी त्याच्या दुकानाचं चिन्ह दिसलं पाहिजे. नगरपालिकेला उभं राहायची तयारी करणाऱ्या एका युवा नेत्याला तर कडीतून रोज सकाळी सगळ्यांच्या फोनवर स्वतःच्या फोटोसह शुभेच्छा पाठवायच्या होत्या. "सगळ्यांचे नंबर कडीकडे असतीलच ना?" त्यानं विचारलं. अश्विनी म्हणाली, "एकही नाही. कडी कुणाचा नंबर घेत नाही, तेच तिचं काम." तो तिच्याकडे असा बघत राहिला की ही मुलगी शिकलेली आहे की खुळी. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, भाचीला जरा व्यवहार शिकवा." मी त्याला माझ्या वर्गात शिकवलं होतं. शुद्धलेखन शिकला नाही, व्यवहार कुठून शिकला कुणास ठाऊक.

या सगळ्या गर्दीत एकीनं शांतपणे पैसे दिले. रजनीनं. तिच्या पगाराला शोभेल तेवढेच, फोनवरून, तात्यांनी जागोजागी चिकटवलेल्या त्या चौकोनी कोडवर. असे पैसे पाठवले की घेणाऱ्याच्या फोनवर नाव उमटतं, हे तिच्या लक्षात आलं नाही. मग कळल्यावर ती जिना उतरून तात्यांच्या दारात गेली आणि म्हणाली, "तात्या, माझं नाव नको बरं का कुठे. एक भगिनी, एवढंच लिहा."

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर तात्यांचा अपराध कळायचा नाही. आमच्याकडे देणगी देणारा प्रत्येक जण नाव नको म्हणतो. म्हणावंच लागतं. तो स्टेजवर यायला नकार देतो, दोघं त्याला दंड धरून ओढत आणतात, तो नको नको करत शाल घेतो, आणि शाल मिळाली नाही तर पुढच्या वर्षी देणगी देत नाही. नाव नको म्हणणाऱ्याचं नाव दोनदा घ्यायचं, हे पुकारणाऱ्याला न सांगता कळलं पाहिजे. तात्यांनी आयुष्यभर हेच केलं. कुणाच्या नकाराला खरोखर नकाराचा अर्थ असतो, ही कल्पना त्या डोक्यात कधी शिरलीच नाही. त्यांनी रजनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "न्हाई घेत, माझी बाय, न्हाई घेत." आणि ती निर्धास्त होऊन वर आली.

रविवारी सकाळी मार्केट यार्डाजवळच्या मंगल कार्यालयात कार्यक्रम ठेवला होता. कडीचा प्रचार आणि देणगीदारांचा सत्कार. अश्विनीला सत्कार नको होते, पण तात्या म्हणाले, "हितल्या लोकांना शाल दाखवल्याबिगर कडी दिसत न्हाई." स्टेजमागे फ्लेक्स. त्यावर अश्विनीचा फोटो सुपारीएवढा, तात्यांचा भोपळ्याएवढा, आणि त्याखाली तात्यांचा मोबाईल नंबर. समोर स्टँडवर फोन लावून सगळं लाईव्ह चाललेलं. तो स्टँड तात्यांनी मुद्दाम नगरहून आणला होता. रजनी मुलीला घेऊन शेवटच्या रांगेत बसली होती. अश्विनीचा दिवस आहे, म्हणून आली होती बिचारी. अश्विनी बोलली, छान बोलली, कुणी ऐकलं नाही. मग तात्यांनी माइक हातात घेतला.

आधी आडत व्यापारी, मग युवा नेता, मग एक डॉक्टर. प्रत्येकानं रीतीप्रमाणे आढेवेढे घेतले. मग तात्यांनी आवाज खाली आणला. मी त्यांना ओळखते, आवाज खाली आणला की पुढं मोठं काहीतरी येणार. "आन आता," म्हणाले, "आशी एक देनगीदार, जी म्हनली तात्या, माझं नाव नको. बगा मंडळी, मोठ्या मोठ्यांनी फोटू मागितलं, आन हितं एक लेकुरवाळी बाई, कष्टाचा पैसा देती आन म्हनती नाव नको!" आणि मग गाडीतळावर पुकारायचे तसं, पूर्ण माणूस पुकारला. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, मूळ गाव, कोणत्या लॅबमध्ये काम करते, आमच्या वॉर्डात राहते, मुलगी कोणत्या शाळेत आहे. "यावं ताई! टाळ्या!"

मी मागे वळून पाहिलं. रजनी उठून दाराकडे निघाली होती. समितीतल्या दोघींनी तिला गाठलं, दंड धरले, आणि हसत हसत स्टेजकडे ओढत आणायला लागल्या. ती नको म्हणत होती. अख्खं कार्यालय हसत होतं, किती लाजते म्हणून. तिची मुलगी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. ते हसू आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अश्विनी धावली आणि तिनं माइकची वायर उपटली. भोंगे बंद झाले, पण फोन सुरूच होता. शाल घालताना रजनी पदर तोंडावर ओढत होती. फ्लेक्ससमोर, तात्यांच्या नंबराखाली.

घरी आल्यावर अश्विनीनं तात्यांना तो व्हिडिओ काढायला लावला. "का पन?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "मान केला तिचा. शाल काय हलकी हुती का?" कारण सांगावं तर तेही ग्रुपवर गेलं असतं, दानशूरांच्या यादीखाली. अश्विनी फक्त म्हणाली, "मी सांगते म्हणून काढा." त्यांनी काढला. रुसले, पण काढला. तोपर्यंत तो कुठून कुठं गेला होता, देव जाणे. रजनीला आम्ही म्हटलं, थोडे दिवस दुसरीकडे राहा. ती म्हणाली, पोरीची परीक्षा होऊ दे. तिकडच्या माणसांपैकी कुणी पाहिला असेल कशावरून, असंही म्हणाली. तिला कुठेतरी एकदा टिकून राहायचं होतं. मला तिला बळजबरीनं पाठवता आलं नाही.

चार-सहा दिवसांनी सकाळी तात्या ओरडतच आमच्या फाटकातून आत आले. हातात त्यांच्या राहात्याच्या बागेतल्या पेरूंची पिशवी, मुलीसाठी. "रजनीताई! ये रजनीताई! आगं, तुझ्या भावाचा फोन आल्ता मला! तो इडिओ बघून रडला बिचारा. म्हनला, बहिनीचा लई दिवस पत्ता न्हाई. म्या समदं सांगितलं, लॅब कुठं, खोली कुठं. निघालाय तो, सांच्यापातुर येतोच बग!"

रजनी जिन्यात उभी होती. एका हातात मुलीचा डबा. ती म्हणाली, "मला भाऊ नाही, तात्या."

तात्यांचं तोंड उघडंच राहिलं. "मंग कोन हुतं?" त्यांनी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अश्विनीकडे पाहिलं, मग रजनीच्या त्या वाकड्या जुळलेल्या हाताकडे पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. आणि पायरीवर बसले.

मी त्या दिवशी त्यांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारपाजारचे बाहेर आले एवढं बोलले. मला त्याचा पश्चात्ताप नाही. ते ऐकून घेत होते, मान खाली घालून. मध्येच एकदा म्हणाले, "म्या गाडी सांगतो कुनाला तरी," तर अश्विनी जिन्यावरून कडाडली, "तुम्ही कुणाला काही सांगू नका!" रजनीनं कपड्यांची एक पिशवी भरली, दप्तर घेतलं. गॅस, भांडी, गादी, मुलीनं भिंतीवर चिकटवलेली चित्रं, सगळं तसंच टाकलं. लॅबमध्ये कळवलंसुद्धा नाही. कुठेतरी टिकावं म्हणत होती ती, आणि दुपारच्या आत पुन्हा रस्त्यावर आली. अश्विनी तिला घेऊन गेली. मुलगी विचारत होती, परीक्षेचं काय.

एक गोष्ट मला कबूल करावी लागते आणि तिचीच मला जास्त चीड येते. तात्यांच्या पोटात राहिलं असतं, भावाला अचानक आणून बहिणीला चकित करू असं त्यांच्या मनात आलं असतं, तर संध्याकाळी रजनी लॅबमधून घरी आली असती आणि फाटकात तो उभा असता. ज्या तोंडानं तिचा घात केला त्याच तोंडानं तिला वाचवलं. याबद्दल तात्यांचे आभार मानावेत असं कुणी म्हणत असेल तर त्यानं मानावेत. मी मानणार नाही.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, हातात मिठाईचा पुडा. मी दार उघडलं नाही. तात्या फाटकात खुर्ची टाकून बसले होते, दुपारपासून. त्यानं विचारलं, "रजनीताई इथेच ना? मी भाऊ तिचा." मी खिडकीतून ऐकत होते आणि माझा जीव मुठीत होता, की आता हा माणूस पुन्हा काय पुकारतो. तात्या म्हणाले, "गेली."

"कुठे?"

"मला म्हाईत न्हाई. मला हितं कुनी काय सांगत न्हाई."

त्या माणसानं तो व्हिडिओ पाहिलेला होता, तात्यांचं तोंड कसं चालतं ते ऐकलेलं होतं. त्यामुळे त्याला ते लगेच पटलं. तो आणखी दोन-चार वेळा गावात दिसला, लॅबसमोर बसून राहिला, शाळेच्या दारापाशी उभा राहिला, आणि मग यायचा थांबला.

समिती अश्विनीनं बंद केली. ज्यांचे पैसे होते त्यांना परत केले. आडत व्यापाऱ्यानं शालही परत मागितली का, असं कुणीतरी मला विचारलंही. अश्विनी आता अर्धा दिवस दुसऱ्यांचं काम घरबसल्या करते आणि अर्धा दिवस कडी. नेटवरून कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तिला थोडीथोडी मदत पाठवतात. बहुतेकांची नावंही तिला माहीत नाहीत. कडी चांगली चालली आहे, फक्त श्रीरामपुरात ती फारशी कुणी वापरत नाही. इथे लोकांना वाटतं, ती बंद पडली, कारण कार्यक्रम होत नाहीत.

तात्या माझ्याकडे वर्तमानपत्र वाचायला यायचे थांबले. मीही बोलावलं नाही. भिंतीपलीकडून पंख्याचा आवाज यायचा, तेवढाच संबंध.

परवा स्टँडवर भेटले. राहात्याला निघाले होते, बागेत माणसं लावली होती म्हणे. मी दुसरीकडे बघितलं, पण ते येऊन बाकावर बसले, मध्ये एक जागा सोडून. मग म्हणाले, "बाई, ती पोरगी..." आणि थांबले.

माझा राग उफाळून आला. आता हे पत्ता मागणार. जाहीर माफी मागायची म्हणणार, एखादी साडी घेऊन जातो म्हणणार, बरोबर चार माणसं नेणार. मी त्यांच्याकडे वळले, म्हटलं, आज सोडतच नाही.

"तुमाला म्हाईत आसंल," ते म्हणाले, हळू, इतकं हळू की मला वाकून ऐकावं लागलं. "कुठं हाय, कशी हाय. आसंलच म्हाईत. मला सांगू नका. बरी हाय, येवढंबी सांगू नका. म्या कितीबी ठरीवलं तरी माझ्या पोटात ऱ्हानार न्हाई, बाई. कुनी बरं इचारलं की जाईल त्वांडातून."

रजनी बरी आहे. मुलीची नवी शाळा आहे, तिला तिथे एक मैत्रीण मिळाली आहे, आणि रजनी आता रात्री झोपते. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. त्यांचा चेहरा बघून आलं होतं, हे मी नाकारत नाही. या माणसानं जन्मात माझ्याकडे मागितलेली ही एकच शहाणपणाची गोष्ट, आणि ती द्यायला मला ओठ आवळून बसावं लागलं.

राहात्याची गाडी लागली. तात्या उठले, गर्दीतून चढले आणि माझ्या बाजूच्या खिडकीत त्यांना जागा मिळाली. गाडी हलेपर्यंत ते समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिले. एकदाही त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही, न जाणो माझ्या तोंडून निघून जाईल म्हणून.